पेपर लिहून घरी गेलेली ती मुलगी खोटं बोलत नव्हती

रविवारी मावशीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला: बलात्काराची तक्रार खरी की खोटी, ते कसं ओळखायचं. म्हणे खरी बाई लगेच तक्रार करते, तिच्या अंगावर जखमा असतात, जबाबात फरक पडत नाही, चारित्र्य चांगलं असतं. आणि शेवटी, हल्ली कोर्ट बाईच्या नुसत्या शब्दावर पुरुषाला आत टाकतं. मावशीची अकरावीतली नात त्याच ग्रुपवर आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

'लगेच तक्रार' हे सगळ्यात घातक. १९८४ साली पंजाबात दहावीची परीक्षा देणाऱ्या एका मुलीला गाडीत घालून पळवलं, रात्री अत्याचार केले आणि सकाळी परीक्षेच्या शाळेजवळ आणून सोडलं. तिने त्या दिवशीचा पेपर लिहिला, मग घरी जाऊन आईला सांगितलं. घरचे आधी पंचायतीकडे गेले, तिथे काही होईना, मग पोलिसांकडे. खालच्या कोर्टाने आरोपी सोडले. कारणं काय? केंद्रावरच्या बाईंना, मैत्रिणींना सांगितलं नाही. तक्रारीला उशीर. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगता आलं नाही! वर तिच्या चारित्र्यावर शेरे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग' या निकालात ही कारणं खोडून काढली आणि आरोपींना शिक्षा दिली. खेड्यातल्या मुलीला फियाट की अँबेसिडर हे कळलं नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. अब्रूच्या धास्तीने घरचे पोलिसांत जायला कचरतात, हेही न्यायालयाने मान्य केलं. उशीर का झाला, ते कारण पटतं का, हे बघायचं असतं. एवढं पदरात पडायला त्या मुलीला बारा वर्षं लागली.

जखमांचं म्हणाल, तर हे आपल्याच मातीत घडलंय. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, हे एक मोठं कारण. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ पासून तर कायद्यातच लिहिलंय: अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती धरायची नाही.

जबाबात बारीकसारीक फरक पडतातच. मूळ हकिकत बदलते का, ते बघतात. आणि चारित्र्यावरचे प्रश्न २००२ च्या दुरुस्तीनंतर उलटतपासणीत विचारताच येत नाहीत.

राहिलं 'नुसत्या शब्दावर'. एकट्या पीडितेच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, हे खरं आहे, मानावंच लागेल. पण ती साक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी हवी, उलटतपासणीत टिकायला हवी, बाकीच्या पुराव्याशी जुळायला हवी. २०१२ मध्ये राय संदीप या आरोपीच्या बलात्कार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली. साक्ष त्या कसोटीला उतरली नाही आणि आरोपी सुटले.