राणीचे लोखंडी जोडे आणि विहिरीतला आवाज

डिस्नेच्या १९३७ मधील ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’वरील एका लेखात दोन आक्षेप वाचले: चित्रपटाने मूळ कथेची धार बोथट केली आणि गाण्यांमुळे कथा अडते. पहिला मला अर्धाच मान्य आहे. ग्रिम बंधूंच्या कथेत राणी आधी चोळीच्या नाडीने, मग विषारी फणीने आणि शेवटी सफरचंदाने असा तीनदा घात करते. चित्रपटात फक्त सफरचंद उरते. कथेत अखेरीस तिला तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, आणि ते पडद्यावर आले नाही याची मला तरी खंत वाटत नाही.

गाण्यांविषयीचा आक्षेप मात्र मुळीच पटत नाही. फोंड्याच्या परिसरात जत्रेतली संगीत नाटके पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला पद म्हणजे कथानक थांबवून वन्समोअर घेण्याची हक्काची जागा (आणि त्याची गोडी वेगळीच!), येथे उलट झाडलोटीच्या गाण्यातच कथा पुढे सरकते, खारी केर गालिच्याखाली लोटू पाहतात आणि स्नो व्हाइट त्यांना लगेच हटकते. विहिरीवरच्या गाण्यात तर तिचाच आवाज पाण्यातून परत येतो. तो प्रसंग पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नात आमच्या परसातल्या विहिरीच्या कठड्यावर ओणवी होऊन स्वतःचेच नाव पुकारत होती आणि मला धावत जाऊन तिचा फ्रॉक धरावा लागला.