पाच वर्षांच्या बापाचा मुलगा

हा मेसेज आतापर्यंत मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय. त्याचा सूर असा, की बायबलच्या काळातल्या लोकांना काळ मोजताच येत नव्हता, त्यामुळे त्यातले आकडे आपण 'दुरुस्त करून' वाचायला हवेत. एकूण पाच मुद्दे आहेत. एक, मथुशलह ९६९ वर्षं जगला म्हणतात, पण तेव्हा वर्ष म्हणजे एक चांद्रमास, म्हणजे स्वारी जेमतेम ७८ वर्षांची. दोन, 'तिसरा तास' म्हणजे तीन वाजता, त्यामुळे प्रसंगांच्या वेळा जुळत नाहीत. तीन, येशू शुक्रवारी मेला आणि रविवारी उठला, हे तीन दिवस कसे? चार, त्यांचा एक दिवस म्हणजे आपली हजार वर्षं. पाच, पंचांग असं काही नव्हतंच, सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

गंमत म्हणजे हा मेसेज भाविकही पाठवतात आणि टवाळखोरही. एकाला बायबल वाचवायचं असतं, दुसऱ्याला बुडवायचं. गणित मात्र दोघेही करून बघत नाहीत.

आपण करून बघू. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. ९६९ महिन्यांची ७८ वर्षं होतात, इथवर मेसेज बरोबर आहे. पण बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, ज्या पाचव्या अध्यायात ९६९ हा आकडा आहे, तिथेच त्याच्या बापाचं वयही दिलंय. मथुशलह झाला तेव्हा हनोख ६५ वर्षांचा होता. तोच भागाकार इथे लावला तर हनोख सव्वापाच वर्षांचा असताना बाप झाला! पुढे अकराव्या अध्यायात नाहोराला २९व्या वर्षी मुलगा होतो. म्हणजे वय वर्षं सव्वादोन. इसहाक झाला तेव्हा अब्राहाम शंभराचा होता, म्हणजे आठ वर्षांचा. तो १७५व्या वर्षी 'पिकलेल्या म्हातारपणी' वारला, म्हणजे चौदाव्या वर्षी. यावर कुणी म्हणतं, जलप्रलयानंतर मोजणी बदलली. कुठे बदलली, ते मजकुरात दाखवा. आकडे एकाच साच्यात, एकाच शब्दाने पुढे चालत राहतात.

शब्दाचंच बोलायचं तर हिब्रूत वर्षाला 'शाना' म्हणतात आणि महिन्याला 'होदेश'. 'होदेश'च्या पोटात 'नवा' हा अर्थ आहे, कारण महिना नव्या चंद्रकोरीने सुरू होतो. जलप्रलय कधी सुरू झाला? नोहाच्या ६००व्या वर्षी, दुसऱ्या महिन्यात, सतराव्या दिवशी. वर्ष, महिना आणि दिवस तिन्ही एकाच वाक्यात आले आहेत. वर्ष म्हणजेच महिना असेल तर महिन्याचा दुसरा महिना कुठून आणायचा?

या प्रलयाच्या गोष्टीत आणखी एक मौज आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या २७ तारखेला जमीन कोरडी होते. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस आणि वरचे, दोन्ही टोकं धरून, ११ दिवस. झाले ३६५. लिहिणाऱ्याला चांद्रवर्ष आणि सौरवर्ष यांतलं अंतर नेमकं ठाऊक होतं, असं दिसतं. त्याच गोष्टीत पाच महिन्यांचे १५० दिवसही धरलेत, म्हणजे तीस-तीस दिवसांचा महिना. एकाच कथेत दोन हिशेब डोकावतात, हे खरं. पण महिन्यालाच वर्ष म्हणणारा तिसरा हिशेब त्यात कुठेच नाही.

आणि ही कल्पना व्हॉट्सअ‍ॅपने काढलेली नाही. इ.स. ७९ मध्ये वारलेल्या रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय, की काही लोक उन्हाळ्याचं एक आणि हिवाळ्याचं एक अशी वर्षं मोजतात, तर इजिप्तचे लोक चंद्रावरून मोजतात, म्हणून त्यांच्यात हजार वर्षं जगलेली माणसं सापडतात. पुढे पाचव्या शतकात संत ऑगस्टीनला, त्या काळी एक वर्ष आपल्या वर्षाच्या दहाव्या भागाएवढं होतं, असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावं लागलं. त्यानेही जलप्रलयाच्या तारखांवरच बोट ठेवलं: वर्ष ३६ दिवसांचं असेल तर त्यात इतके महिने मावतील कसे? म्हणजे आपण सोळाशे वर्षांपूर्वी खोडून झालेला मेसेज फॉरवर्ड करतोय.

मग ९६९चं करायचं काय? माझं मत सांगतो: त्याला भागायला जायचंच नाही. सुमेरी, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, राजांची एक यादी मातीच्या प्रिझमवर कोरलेली आहे. तिच्यातला पहिला राजा अलुलिम २८,८०० वर्षं राज्य करतो. हा आकडा म्हणजे ३,६०० गुणिले ८, आणि ३,६०० हे तिथल्या साठच्या पटीतल्या मोजणीतलं मोठं एकक. त्या यादीतही प्रलय येतो आणि त्यानंतर राजवटी आखूड होत जातात. प्रलयाआधीच्या पूर्वजांना अवाढव्य आकडे देणं ही त्या प्रदेशाची लिहिण्याची रीतच होती. हनोखाला दिलेलं ३६५ वर्षांचं आयुष्यही योगायोगाचं वाटत नाही. तो आकडा कशाची तरी खूण आहे. त्याला आधार कार्डावरची जन्मतारीख समजलं की मग भागाकार सुचतो.

आता तास. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात आणि उजेडाचे बारा सारखे भाग करतात. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, येशू विचारतोच, दिवसाचे तास बारा नाहीत का? तेव्हा तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊच्या आसपास, सहावा म्हणजे दुपार, नववा म्हणजे तीन. याची चाचणी सोपी आहे. पेन्टेकॉस्ट या सणाच्या दिवशी लोक म्हणतात, हे शिष्य प्यालेत. पेत्र उत्तर देतो, अहो, आत्ता कुठे तिसरा तास आहे! सकाळी नऊला कोण ढोसतो, हा त्याचा रोख. 'तीन वाजले' असं वाचलं की सगळी मजाच गेली. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक अकराव्या तासाला शेवटचे मजूर घेतो, आणि पहिले मजूर कुरकुरतात की यांनी एकच तास काम केलं. म्हणजे अकरावा तास संध्याकाळी, दिवस मावळायला एक तास उरला असताना. घड्याळातल्या अकराशी त्याचा काही संबंध नाही.

हा तास साठ मिनिटांचाही नव्हता. यरुशलेमात उन्हाळ्यात दिवस सव्वाचौदा तासांपर्यंत वाढतो आणि हिवाळ्यात दहापर्यंत उतरतो. बारा भाग केले तर जूनमधला तास सत्तरेक मिनिटांचा आणि डिसेंबरमधला पन्नासेक मिनिटांचा. आपल्या घटिकेला हे चालत नाही, ती बारमाही २४ मिनिटांची. पण शेजारच्या इजिप्तमध्येही तास असेच लवचीक होते. कर्नाकला सापडलेल्या, इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या पाण्याच्या घड्याळात आतल्या बाजूला प्रत्येक महिन्याची वेगळी मोजपट्टी आखलेली आहे. ज्यांना मोजता येत नाही ते लोक असलं भांडं घडवत नाहीत.

रात्रीचे प्रहर तर आपल्याला सांगायलाच नकोत. जुन्या करारात रात्रीचे तीन पहारे दिसतात. गिदोन मधल्या पहाऱ्याच्या सुरुवातीला, पहारेकरी नुकतेच बदललेले असताना, छावणीवर हल्ला करतो. रोमन काळात त्यांचे चार झाले, म्हणून येशू पाण्यावरून चालत येतो तो चौथ्या प्रहरी. मराठी भाषांतरात इथे 'प्रहर' हाच शब्द आलाय आणि तो चपखल बसतो, तीन-तीन तासांचा. एक कबूल करायला हवं: येशूला क्रुसावर दिलं त्या दिवशी शुभवर्तमान लिहिणारा मार्क तिसरा तास सांगतो आणि योहान सहावा. हा फरक खराखुरा आहे, मोजणीची पद्धत सांगून तो पुसला जात नाही. पण दोन लेखकांत न जुळणं वेगळं आणि मोजताच न येणं वेगळं.

शुक्रवार ते रविवार तीन दिवस कसे, हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा याचं मला हसू येतं. सात दिवसांना 'आठवडा' म्हणणारे आपणच ना? 'आज सोमवार, आठ दिवसांनी ये' असं सांगितलं तर पाहुणा पुढच्या सोमवारीच दारात उभा राहतो, मंगळवारी नाही. दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजायचं, एवढंच यातलं गुपित. बारसं, तेरावा सगळं तसंच मोजतो आपण. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर 'आठ दिवसांनी' शिष्य पुन्हा जमतात, ते पुढच्या रविवारी. एस्तेर राणी सांगते, तीन दिवस, रात्रंदिवस माझ्यासाठी उपास करा, आणि स्वतः तिसऱ्याच दिवशी राजापुढे उभी राहते. तिला कुणी तुझा एक दिवस कमी भरला म्हणत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात 'तीन दिवस आणि तीन रात्री' असे शब्द आहेत, तिथे रात्री दोनच भरतात, हा आक्षेप जुना आहे. यहुदी धर्मशास्त्र्यांचा संकेत असा, की दिवस-रात्र मिळून एक एकक आणि एककाचा तुकडाही पूर्ण धरायचा. हे पटो न पटो, हिशेबाची रीत उघड आहे.

शिवाय त्यांचा दिवस मावळतीला सुरू व्हायचा. म्हणून तर शुक्रवारी संध्याकाळी येशूचं शव उतरवायची घाई. सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागला, मग कामाला हात लावायचा नाही. मनगटावर घड्याळ नसताना ती वेळ अख्ख्या शहराला कळायची कशी? १९६८ साली पुरातत्त्वज्ञ बेंजामिन मझार यांच्या उत्खननात यरुशलेमच्या मंदिर-टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली, वरून कोसळलेला एक कोरीव दगड सापडला. त्यावर हिब्रूत शब्द आहेत: तुतारी फुंकण्याच्या जागेकडे. पुढचा भाग तुटलाय. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस सांगतो, की शब्बाथ लागताना आणि संपताना एक याजक उंच जागी उभा राहून तुतारी फुंकायचा, लोकांनी कामं कधी थांबवायची आणि कधी पुन्हा धरायची ते कळावं म्हणून. तो उभा राहायचा ती जागा बहुधा हीच. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी घाणा चालवतानाही हा दिवस पाळला आणि गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

एक दिवस म्हणजे हजार वर्षं, हा मुद्दा एका ओळीत निकालात निघतो. तो बायबलमधल्या ९०व्या स्तोत्रातून उचललाय. तिथे म्हटलंय की देवाच्या दृष्टीने हजार वर्षं म्हणजे गेलेला कालचा दिवस, किंवा रात्रीचा एक प्रहर. हे सूत्र मानलं तर हजार वर्षं बरोबर एक दिवस की एक प्रहर? कवीने उपमा दिलीय आणि आपण कोष्टक मांडून बसलोय. त्याच स्तोत्रात पुढे माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, ताकद असली तर ऐंशी, असंही सांगितलंय. पहिल्या मुद्द्यातला भागाकार तिथे लावून बघा. माणूस साडेसहा वर्षांत संपतो.

राहता राहिलं पंचांग. १९०८ साली यरुशलेमच्या पश्चिमेला गेझेर इथे तळहातावर मावेल एवढी चुनखडीची एक पाटी सापडली, इ.स.पू. दहाव्या शतकातली. तिच्यावर शेतकऱ्याचं वर्ष खरडलंय: दोन महिने फळं गोळा करायची, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस उपटण्याचा, एक जवाच्या कापणीचा, एक कापणी आणि मापाचा, दोन द्राक्षवेलींच्या छाटणीचे, एक उन्हाळी फळांचा. बेरीज करा. बारा.

चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. म्हणून आपण अधिक मास घालतो, तेही घालायचे: आदार महिना दोनदा. एकोणीस वर्षांत सात वेळा, हे पक्कं गणित परंपरेनुसार चौथ्या शतकात दुसऱ्या हिल्लेलने ठरवून दिलं. दोन्ही पंचांगांची रीत एकच असल्यामुळे आदारातला पुरीम हा यहुदी सण बऱ्याचदा फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे येतो. बेने इस्राएल त्याला होळीचा सण म्हणत.

गणित पक्कं होण्याआधी सगळं डोळ्यांवर चालायचं आणि इथेच मेसेजवाल्याचा 'अंदाजपंचे' शब्द सगळ्यात उघडा पडतो. मिश्ना या यहुदी ग्रंथात वर्णन आहे. नवी कोर पाहिलेले साक्षीदार यरुशलेमात बेथ याझेक नावाच्या अंगणात जमायचे. त्यांनी यावं म्हणून त्यांना चांगलं जेवूखाऊ घालायचे. मग एकेकाची उलटतपासणी. कोर सूर्याच्या कुठल्या बाजूला होती? किती उंच? कुठे झुकलेली? गमलिएल या यहुदी धर्मगुरूच्या माडीवर भिंतीला चंद्राच्या आकृत्या टांगलेल्या असायच्या. तो साक्षीदाराला विचारायचा, अशी दिसली की अशी? साक्ष पटली की महिना जाहीर व्हायचा आणि टेकडीमागून टेकडीवर मशाली हलवत ती खबर पार बाबिलोनपर्यंत जायची. पुढे विरोधकांनी खोट्या मशाली पेटवल्या, तेव्हापासून माणसं धाडायला लागले.

आणि अधिक मास कधी धरायचा? गमलिएलने दूरच्या यहुद्यांना धाडलेल्या पत्राचा मजकूर तालमूद या यहुदी ग्रंथात आहे. त्यात तो कळवतो, की कबुतराची पिल्लं अजून कोवळी आहेत, कोकरं बारीक आहेत, जव पिकायची वेळ आलेली नाही, म्हणून मला आणि माझ्या सहकाऱ्यांना बरं वाटलं आणि आम्ही या वर्षात तीस दिवस वाढवले.