एमसीबी पडत नाही म्हणजे वायरिंग ठणठणीत? कोण म्हणालं?

पाऊस लागला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, आमच्या कोथरूडच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा आला. म्हणे मेगर टेस्ट (वायरच्या इन्सुलेशनमधून, म्हणजे वरच्या आवरणातून, करंट झिरपतो का हे 500 व्होल्ट देऊन बघायची चाचणी) म्हणजे पैसे उकळायचा धंदा, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नसेल तर वायर चांगली, शंकाच असेल तर मल्टिमीटर लावा, आणि मेगरच्या 500 व्होल्टने उलट धडधाकट वायर फुटते. खाली पंधरा अंगठे.

आधी एमसीबीचं बघू. 16 अँपियरचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 अँपियर लागतात. आता समजा वायरचं इन्सुलेशन सोललं आणि ओल्या भिंतीतून अर्थकडे 10 किलोओहमची वाट झाली, तर 230 भागिले 10,000, म्हणजे 23 मिलिअँपियर. एमसीबीच्या हे गावीही नसतं, आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (अर्थकडे झिरपणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच) असला तरी तो पडेलच असं नाही.

मल्टिमीटर ओहमवर जेमतेम काही व्होल्ट देतो. एवढ्याशा व्होल्टला गप्प बसणारी जखम 500 ला तोंड उघडते, म्हणून तर मेगर. बीप वाजला याचा अर्थ वायर तुटलेली नाही, एवढाच.

आणि फुटायचं म्हणाल तर आपल्या 230 चं शिखरच 325 व्होल्टचं असतं, ते वायर रोज सेकंदाला शंभर वेळा सोसते, वायरच्या कॉइलवर 1100 व्होल्ट छापलेलं असतं, आणि मेगरचा करंट मिलिअँपियरमधला. त्याने वायर काय फुटणार? हां, एलईडी, डिमर, सर्ज प्रोटेक्टर, इन्व्हर्टर तसेच जोडलेले ठेवून मेगर मारलात तर ते उडू शकतात किंवा रीडिंग भलतंच येतं. म्हणजे चूक असलीच तर मारणाऱ्याची. मेन बंद, न्यूट्रलही सोडवायचा, प्लग-बल्ब काढायचे, स्विच मात्र चालू, मग फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी एक मिनिट मेगर.

पण मेगरवाल्यांचंही एक सांगतो, मेसेजमध्ये हे नाहीच. आमच्याकडे सुताराने बाथरूमचा आरसा लावताना ड्रिल मारलं ते गिझरच्या लाइनला घासून गेलं. मे महिन्यात रीडिंग 200 मेगओहम, कारण पीव्हीसी पाइपात कोरडी हवा, सोललेल्या वायरला अर्थ भेटतच नव्हता. आकडा जितका मोठा तितकं चांगलं, 1 मेगओहमला पास धरतात, आम्ही तर निवांतच. आषाढात ती भिंत ओलावली, आरसीसीबी रोज पहाटे पडायला लागला, परत मेगर मारला तर रीडिंग थेट शून्याजवळ! पाइपातून वायर ओढून काढली तर नखाएवढी जागा सोललेली, तांबं हिरवं पडलेलं. नवीन वायर ओढली, आता डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या पेटीच्या) झाकणाच्या आत रीडिंगच्या शेजारी महिना पण लिहितो, पुढचं जुलैमध्ये.