स्मार्ट प्लगवर कारखान्याची मोटर चालवायच्या फॉरवर्डबद्दल

एक मेसेज फिरतोय की कारखान्यातलं आयओटी (नेटला जोडलेली मशीन आणि सेन्सर) म्हणजे घरातलाच वायफायवाला स्मार्ट प्लग, फक्त महाग करून विकतात, तेव्हा सोळा अँपियरचा प्लग घ्या आणि मोटर मोबाईलवरून चालवा. प्लीज असं करू नका.

प्लगवर लिहिलेले 16 अँपियर हे गीझर, इस्त्री असल्या लोडसाठी असतात. मोटर डायरेक्ट चालू केली की पहिले काही क्षण नेहमीच्या 5 ते 7 पट करंट ओढते, त्यात प्लगमधल्या छोट्या रिलेचे (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटू शकतात आणि मग तुम्ही मोबाईलवर बंद दाबलं तरी मोटर फिरतच राहते, आणि त्याच वेळी कुणाचा हात बेल्टजवळ असला तर?? थ्री फेज मोटरला तर हा प्लग जोडताच येत नाही, तिथे कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा करंट झेलणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त वेळ जास्त राहिला की मोटर बंद करणारा) असलेला स्टार्टरच पाहिजे. शेतातल्या पंपाचा मोबाईल स्टार्टरसुद्धा कॉन्टॅक्टरलाच सिग्नल देतो, मोटरचा करंट स्वतःतून नेत नाही.

दुसरं म्हणजे नेट. घरगुती प्लगची कमांड बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येते, कारखान्यात मशीनचा कंट्रोल जागेवरच्या पीएलसीकडे (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरकडे) असतो, नेट गेलं तरी मशीन नीट चालतं नीट थांबतं, बाहेर जातो तो मुख्यतः डेटा. कारखान्यातल्या सिस्टिमला जास्त पैसे पडतात ते या भरवशाचे.

तापमान, युनिट बघायला घरगुती सेन्सर वापरा की, काही हरकत नाही. पण इमर्जन्सी स्टॉप मात्र वायरनेच जोडलेला ठेवा.