खडी किती दाखवायची?

हॉलमधली जुनी मोझॅकची फरशी मधोमध खचली, तेव्हा आर्किटेक्चर शिकणाऱ्या आमच्या कन्येने फर्मान काढलं, "बाबा, लाद्या नकोत. पॉलिश केलेलं काँक्रीट करू." ऐकायला स्वस्त वाटतं. सिमेंट, वाळू, खडी. ना इटालियन मार्बल, ना काही.

ठेकेदार आला आणि त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "साहेब, खडी किती दाखवायची?"

नुसती वरची सिमेंटची साय घासून गुळगुळीत केली तर ते क्रीम फिनिश. थोडं खोल गेलं की वाळूचे कण दिसू लागतात, ते सॉल्ट अँड पेपर. आणखी काही मिलिमीटर खाली उतरलं की कापलेली खडीच समोर येते. कन्येने मोबाईलवर परदेशातले फोटो दाखवले, त्यात लाल-पिवळे गोटे. ठेकेदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, वाघोलीच्या खाणीतून काळा दगडच येणार." दख्खनच्या पठाराला आर्किटेक्चरचं शिक्षण नाही. आईचं मत वेगळंच, "खडी बघायला पैसे कशाला? आपल्या गल्लीच्या रस्त्यावर फुकट दिसते." शेवटी सॉल्ट अँड पेपरवर तह झाला.

जुनी फरशी उखडली, तर खाली नुसता लाद्या बसवायचा मसाला आणि त्याखाली भुसभुशीत पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट. ते घासायला घेतलं तर चमक राहू दे, धूळ मिळेल. म्हणून चार इंच जाडीचं नवं काँक्रीट आलं. दुसऱ्या दिवशी पोरं कटर घेऊन हजर आणि नव्याकोऱ्या जमिनीत सरळ रेषेत इंचभर खोल चिरा पाडायला लागली. ही किंचाळलीच. ठेकेदार म्हणाला, "वहिनी, काँक्रीट वाळताना आकसतं, भेग जाणारच. ती कुठून जावी एवढं आपण सांगून ठेवतो." नंतर 28 दिवसांचं क्युरिंग. ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं, आणि अख्खं कुटुंब स्वयंपाकघरात. टीव्ही फ्रिजवर.

मग ते मशीन आलं. खाली फिरणाऱ्या चकत्या, त्यांत हिऱ्याची कणी. आमच्या घरात हिरे आले ते असे, भाड्याने. आवाज एवढा की शेजारच्या काकांनी श्रवणयंत्र काढून ठेवलं आणि तरीही तक्रार केली. मशीनवाल्याने एक गंमत सांगितली: काँक्रीट कठीण असेल तर कणी मऊ धातूत बसवलेली हवी, कारण तो धातू झिजला तरच आतले नवे हिरे बाहेर येतात. काँक्रीट मऊ असेल तर धातू कठीण हवा, नाहीतर चकती बघता बघता संपते. लग्न जमवणाऱ्या मंडळींनी एवढा विचार केला असता तर! (हे मी मशीन चालू असताना म्हणालो. ऐकू गेलं नाही.)

चकत्यांचे नंबर उलटे चालतात. 40 म्हणजे राक्षस, 3000 म्हणजे मलमल. आधीच्या नंबरने पाडलेले ओरखडे पुढच्याने पुसायचे, त्याचे त्याच्या पुढच्याने. म्हणून दुपटीच्या पुढे उडी मारायची नाही. दुपारी मशीनवाल्याच्या हाताखालचा पोरगा 100 वरून थेट 400 लावायला निघाला, तर कन्या मशीनपुढे आडवी उभी राहिली. तिचं बरोबर होतं. तो ओरखडा तेव्हा दिसत नाही, सगळी चमक आल्यावर दिसतो. ही चमक वर काही फासून येतच नाही. चमक म्हणजेसुद्धा ओरखडेच, पण डोळ्याला न सापडणारे. मधे फक्त लिथियम सिलिकेटचं पाणी पाजलं. सिमेंटमध्ये सुटा राहिलेला चुना त्याच्याशी मिळून घट्ट होतो, रंध्रं बुजतात आणि वरचा थर टणक होतो. घासताना निघालेला करडा राडा मात्र मोरीत सोडायचा नाही. तो पाईपातच गोठतो. माझं त्या आठवड्यातलं काम म्हणजे मोरीवर पहारा.

थांबायचं कुठे? हिला पंखा फरशीत दिसायला हवा होता, म्हणजे 3000. दर टप्प्याला चौरस फुटामागे पैसे वाढतात हे कळल्यावर मला 400 ची निस्तेज शालीनता एकदम आवडू लागली. 800 वर मिटलं. पंखा दिसतो, पाती मोजता येत नाहीत.

शेवटी डाग मुरू न देणारं सीलर मारून ठेकेदार म्हणाला, "आजी, लिंबू, चिंच, कोकम सांडलं तर लगेच पुसा. आंबट पदार्थ सिमेंट खातो. डाग पडत नाही, तिथली चमकच जाते." आई म्हणाली, "माझ्या हातून कधी काही सांडत नाही." तरी सोलकढीला हॉलबंदी झाली. संडासात वापरायची ॲसिडची बाटली कुलपात गेली.

काल मावशींनी पहिल्यांदा फरशी पुसली. मागे सरकून, मान वाकडी करून बघितली. मग ओलं फडकं बादलीत टाकून म्हणाल्या, "दादा, जुन्या फरशीला ठिपके होते, कचरा दिसायचा नाही. हिच्यावर केससुद्धा दिसतो. दोनदा पुसावी लागणार. दोनशे रुपये वाढवा."

कन्या म्हणाली, "मावशी, हिच्यावरही ठिपके आहेत, सॉल्ट अँड पेपर."

"मग दीडशे," मावशी म्हणाल्या.