श्रमदानाला माणसं टिकत नाहीत, ती सेवाभाव नसल्यामुळे?

उन्हाळा आला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘आजकालच्या पोरांत सेवाभाव उरला नाही. प्रमाणपत्र, टीशर्ट असलं तरच येतात. फुकट राबणाऱ्यावर जबाबदारी टाकू नका, पळून जातात.’

‘सेवाभाव नाही’ म्हणे. रविवारी सकाळी ६ वाजता माळावर हजर झालेल्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तो तिसऱ्या रविवारी का आला नाही, याचं उत्तर पहिल्या रविवारच्या माळावरच असतं. पाणी अडवायला उतारावर एकाच पातळीत खणायचा लांब चर, म्हणजे सलग समतल चर; त्याची आखणीच झालेली नाही. दोघं पातळी मोजायची ए-फ्रेम सरकवत रेघेसाठी पांढरी फक्की टाकताहेत, ३० जण बघत उभे. ८ टिकाव, त्यातल्या तीन टिकावांचे दांडे सैल. खोदाईला साडेसात वाजतात आणि ९ ला ऊन डोक्यावर. वर घाईत आखलेली रेघ समतल नसली, तर पहिल्याच पावसात पाणी एका टोकाला धावतं आणि भराव फोडतं.

आखणी आदल्या संध्याकाळी उरकावी, दांड्यांना पाचरी तेव्हाच ठोकाव्यात. १० जणांना ३ टिकाव, ३ फावडी, ६ घमेली पुरतात. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चराचा २० मीटरचा तुकडा गटाला नेमून द्यावा. माती उताराच्या अंगाला टाकावी. निघताना टेप लावून आकडा सांगावा: ३.६ घनमीटर. कठीण मुरूम लागला तर तुकडा निम्मा करावा. आणि पावसाने चर भरल्यावर त्याच माणसांना बोलावून पाणी दाखवावं. नेमकं हेच राहून जातं. सत्कार मात्र ठरल्या वेळी होतो.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत २ वर्षांत २४० तास भरायचे असतात, काही जण त्यासाठीच येतात. येऊ द्या. तास भरल्यावरही जो येतो, तो टीशर्टसाठी येत नाही.

जबाबदारीबाबत तर उलटंच दिसतं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांच्या जलसंधारण स्पर्धेत, गावाला आधी आपली माणसं निवासी प्रशिक्षणाला पाठवावी लागत, मग ४५ दिवसांचं काम. पळवून लावते ती न वाटलेली जबाबदारी. ‘नाही’ म्हणता न येणाऱ्या एकाच्याच गळ्यात अवजारं, पाणी, मोजमापाची वही आणि फोन पडतात, आणि एप्रिलअखेर त्याचाच फोन बंद लागतो. प्रत्येक कामाला दोन माणसं नेमावीत, दर चार रविवारांनी बदलावीत.