खुलासा : वेग-काल आलेखातली उतरती रेषा
नववी-दहावीच्या मुलांमध्ये एक नोट फिरते आहे : ‘वेग-काल आलेखात रेषा खाली उतरू लागली, की वस्तू मागे फिरली.’ या आलेखात उभ्या अक्षावर वेग असतो, आडव्या अक्षावर काळ. नोटेतलं हे विधान चूक आहे, आणि यात मुलांचे हकनाक गुण जातात.

चेंडू सरळ वर फेका, सुरुवातीचा वेग सेकंदाला 19.6 मीटर. वरची दिशा धन धरली, तर रेषा पहिल्या क्षणापासून उतरते. एका सेकंदाने वेग 9.8, दोन सेकंदांनी शून्य. तरी तोवर चेंडू वरच चाललेला असतो! रेषा काल-अक्ष ओलांडून ऋण बाजूला जाते, तेव्हाच तो खाली येऊ लागतो. काल-अक्षाच्या वर, रेषेखाली तयार होणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा : 19.6 मीटर, म्हणजे गाठलेली उंची.

उतार पाहून दिशा ठरते ती स्थिती-काल आलेखात, म्हणजे उभ्या अक्षावर वस्तूची जागा असते तिथे. म्हणून आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा.